उंबऱ्याखालचं वारं

दिवाळी उरकली की या सदराची पत्रं बदलतात. जून ते सप्टेंबर सगळी पत्रं गळक्या कौलांची आणि फुगलेल्या दारांची. नोव्हेंबर लागला की पहाटेच्या गारठ्याची. या वेळी एका पत्राला मी जास्त जागा देते आहे, कारण कोल्हापूरच्या पेठांतल्या जुन्या घरांत राहणाऱ्या निदान निम्म्या वाचकांचा तोच प्रश्न असणार.

"मावशी, आम्ही दसऱ्याला पुण्यातला फ्लॅट सोडून शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात राहायला आलो. मिस्टरांचं काम आता घरून चालतं आणि सासूबाई इथं एकट्या होत्या. घर मिस्टरांच्या पणजोबांनी बांधलेलं. मातीच्या दीड हात रुंद भिंती, वर मंगलोरी कौलं, रस्त्याकडं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. आल्या आल्या मला फार आवडलं. आता पहाटे उठवत नाही. दारं लावली तरी पायाला गार वारं लागतं. हीटर लावला तर तो चालू असेपर्यंतच ऊब. अकरा महिन्यांची मुलगी रात्रीतून दोनदा उठते. नातेवाईक म्हणतात, कौलं उतरवा आणि स्लॅब टाका, नाहीतर फटी सगळ्या सिमेंटनं बुजवून टाका. सासूबाई म्हणतात, आम्ही काढलेच की एवढे हिवाळे. घर मला सोडायचं नाही. पण मुलीला थंडी बाधेल ही भीतीही जात नाही. काय करू?" (एक सूनबाई, शुक्रवार पेठ)

पोरी, "घर मला सोडायचं नाही" हे वाक्य तू लिहिलंस म्हणून तुझं पत्र मी गठ्ठ्यातून बाजूला काढलं. घर सोडायचं नसेल तर सगळं जमतं. फक्त या हिवाळ्यात घराला हातोडा लावू नकोस. शिवरात्रीपर्यंत स्लॅबचा आणि सिमेंटचा विषय घरात काढायचाच नाही, असं मिस्टरांशी ठरवून टाक. पहिला हिवाळा घर समजून घ्यायचा असतो.

हे मला कुणी शिकवलं ते सांगते. माझं माहेर सुतारांचं, मंगळवार पेठेतलं. १९८१ सालच्या डिसेंबरात लग्न होऊन मी शिवाजी पेठेतल्या या घरात आले. माहेरी दोन खोल्या, आठ माणसं, थंडी शिरायला जागाच नव्हती. इथं एवढं मोठं माजघर, आणि पहिल्याच आठवड्यात माझे पाय पहाटे बधिर व्हायचे. नवी सून, सांगणार कुणाला? पण आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते ओळखलं. एके दिवशी पहाटे चारला त्यांनी मला उठवलं, हातात पेटलेली उदबत्ती दिली आणि म्हणाल्या, "चल, वारं कुठनं येतंय बघू."

तेच तू कर. पहाटे चार-पाचच्या दरम्यान, सगळी दारं-खिडक्या लावून, पंखे बंद करून. उदबत्ती उंबऱ्याजवळ धर. मग चौकटीच्या दोन्ही बाजूंना, खिडकीच्या खालच्या लाकडाजवळ, मोरीच्या भोकापाशी, माळ्याच्या शिडीखाली, आणि शेवटी स्टुलावर चढून भिंत आणि वासे जिथं मिळतात तिथं. धूर आत ढकलला जातो तिथून वारं येतंय. धूर सरळ वर खेचला जातो तिथून वारं जातंय. खडूनं खुणा कर, येण्याची फुली आणि जाण्याचा गोल. तासाभराचं काम आहे.

मला खात्री आहे की तुझ्या फुल्या सगळ्या खाली असतील आणि गोल सगळे वर. तापलेली हवा हलकी होते, वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाते. तिची जागा भरायला बाहेरची गार हवा उंबऱ्याखालून आत ओढली जाते. तुझा हीटर चालू असतो तेव्हा हेच आणखी जोरात होतं. खोली जितकी तापवशील तितकी वरची ओढ वाढते आणि तितकं पायाशी वारं वाढतं. पैसे जळतात आणि पाय गारच राहतात, ते यामुळं.

कोल्हापूरची थंडी तशी मारक नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साधारण चौदा-पंधरा अंश. वारं नसेल तर एवढी थंडी एका वाकळेत भागते. तुझं भांडण थंडीशी कमी आणि वाऱ्याशी जास्त आहे. वाऱ्याचा बंदोबस्त स्वस्तात होतो.

आधी खालच्या फुल्या. दाराखालच्या फटीला वाळूची वळकटी कर. जुन्या विजारीचा पाय किंवा लुगड्याची पट्टी शिवून नळी करायची, चाळून उन्हात वाळवलेली वाळू भरायची, तोंड शिवायचं. तीन फुटी दाराला चार-पाच किलो वाळू लागते. रात्री दाराला आतून टेकवून ठेवायची. जड असते, म्हणून वाऱ्यानं सरकत नाही. मोरीच्या भोकाला बारीक जाळी आणि रात्रीपुरतं फडकं. उंदीर-घुशींसाठीही ते बरं.

दाराच्या बाजूच्या फटींचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात लोक दरवर्षी तीच चूक करतात. सागवान असलं तरी पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं. जुलैत दार अडकायला लागतं. मग सुताराला बोलावून रंधा मारून घेतात. डिसेंबरात हवा कोरडी झाली की तेच दार आक्रसतं आणि बोटभर फट पडते. माझे वडील पावसाळ्यात कुणी रंधा मारायला बोलावलं तर जायचेच नाहीत. म्हणायचे, "दिवाळीपतोर थांबा, लाकूड खरं किती आहे ते तवा कळंल." तुझ्या सासूबाईंना विचार, दाराला रंधा कधी मारला होता. फट मोठी असेल तर चौकटीला आतून लाकडी पट्टी मारून घे, दार त्या पट्टीवर येऊन बसलं पाहिजे. खिडकीच्या फळ्यांतल्या बारीक चिरांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. दुकानातली चालेल, पण आमच्याकडं खडूची भुकटी जवसाच्या तेलात कणकेसारखी मळून करायचे. ती जुन्या लाकडात छान बसते आणि लाकडाबरोबर थोडी हलते. सिमेंट लाकडाला कधीच धरत नाही, पहिल्याच पावसाळ्यात सुटून पडतं.

आता वरचे गोल. ते बुजवायचे नाहीत. कौलांच्या सांध्यांतून वारं खेळतं म्हणून वासे आणि रिपा पावसाळ्यानंतर वाळतात. तिथं सिमेंट थापलंस तर ओल आत कोंडेल आणि पाच-सात वर्षांत वासे कुजतील. त्याऐवजी कौलं तशीच ठेवून फक्त झोपायच्या एका खोलीला झाकण करायचं. माजघरावर माळा आहे का, ते तू लिहिलं नाहीस. असला तर तुझं निम्मं काम पणजोबांनीच करून ठेवलंय. माळ्याच्या शिडीच्या भोकावर रात्री फळी सरकव आणि सगळे माजघरातच झोपा. माळा नसेल तर जाड मांजरपाटाचं छत बांधून घे, कौलांपासून हातभर खाली, भिंतीतल्या खुंट्यांना ताणून. जुन्या वाड्यांत छत बांधायचे ते नुसत्या शोभेसाठी नव्हतं. कापडाच्या वरची हवा गार राहते, खालची ऊब खाली थांबते आणि लाकूडही वारं खातं. दिवा आणि विजेची तार कापडापासून लांब हवी, तेवढं बघ. पुढं पैसे साठले की त्याच जागी लाकडी तक्तपोशी करून घेता येईल.

स्लॅबचं म्हणशील तर हिशेब साधा आहे. पाच इंची स्लॅबचं वजन एका चौरस मीटरला तीनशे किलोच्या पुढं जातं. मंगलोरी कौलांचं छप्पर लाकडासकट त्याच्या पाव हिश्श्यासुद्धा भरत नाही. तुझ्या भिंती त्या हलक्या छपरासाठी मातीत रचलेल्या आहेत. त्यांच्यावर स्लॅब टाकायचा तर खांब घालावे लागतील, पाया काढावा लागेल, म्हणजे घर पाडूनच बांधणं झालं. एवढं करूनही स्लॅबखाली जानेवारीत गारठा आणि मे महिन्यात रात्री दहापर्यंत भट्टी. पाडायचंच असेल तर तसं ठरवून पाडा. थंडीचं निमित्त करून पाडू नका.

आता तुझ्या सासूबाईंच्या वाक्याकडं येते. "आम्ही काढलेच की एवढे हिवाळे" हे ऐकून तुला वाटलं असेल की त्यांना तुझी काळजी कळत नाही. पण त्या वाक्यात तुझं उत्तर आहे. त्यांना विचार, कसे काढले? कुठं झोपायचात? सकाळी कुठं बसायचात? मुलांना आंघोळ कुठं घालायचात? विचारून बघ, त्या बोलायला लागतील.

कारण जुन्या घरात माणसं वर्षभर एकाच खोलीत झोपत नव्हती. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळी अंथरुणं सोप्यात, पावसाळ्यात माडीवर, आणि कार्तिक लागला की माजघरात, आतल्या भिंतीला. माजघराला बाहेरची भिंत नाही, म्हणून ते सगळ्यात उबदार. पहाटे चूल पेटली की पोरं उठून वाकळेसकट चुलीपुढं जाऊन बसायची. आंघोळी दुपारी अकरा-बाराला, परड्यात उन्हात. फ्लॅटमध्ये बेडरूम ठरलेली असते. इथं ऋतूप्रमाणं बिछाना हलवायचा असतो. तुम्ही आता झोपता ती खोली रस्त्याकडची असणार, असा माझा अंदाज आहे.

आणि ऊन ओळख. आपल्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, हिवाळ्यात पूर्वेकडून, ईशान्येकडून. पावसाच्या झडीसाठी पश्चिमेच्या खिडक्यांना बांधलेली ताडपत्री बऱ्याच घरांत जानेवारीपर्यंत तशीच लोंबत असते. ती आजच काढ. तीच बाजू तुला आता ऊन देणार आहे. डिसेंबरात साडेबाराच्या सुमाराला सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडं साधारण पन्नास अंशांवर असतो, आणि मावळतो तोही पश्चिमेच्या बराच डावीकडं. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत दिवसभर ते ऊन पिते. दीड हात मातीची भिंत ते लगेच देत नाही, आत सरकायला तिला बरेच तास लागतात. रात्री नऊला त्या भिंतीला आतून हात लावून बघ आणि पूर्वेच्या भिंतीलाही लाव. मुलीचा पलंग कुठल्या भिंतीशी ठेवायचा ते तुझ्या तळहाताला कळेल.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुला आता जवळून बघायला मिळेल. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून देवीपर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. पुन्हा तोच सोहळा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मधल्या दिवसांत सूर्य आणखी दक्षिणेला जातो आणि परत फिरून त्याच जागी येतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. आत्याबाई किरणोत्सवाच्या पहिल्या दिवशी आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून येणारा उन्हाचा तुकडा जिथं पडेल तिथं कुंकवाचं बोट लावायच्या. पुढं तो तुकडा सरकत सरकत खोलीत आत जायचा, जानेवारी संपता संपता परत त्या बोटावर यायचा. त्या दिवशी म्हणायच्या, "आली बाई परत, आता वाकळा कमी करा." आत्याबाई गेल्या त्याला चौदा वर्षं झाली. बोट अजून मीच लावते. यंदाची तारीख हुकली असेल तर आजची खूण कर. तुलाही कळेल कोणत्या महिन्यात सतरंजी कुठं अंथरायची.

मुलीसाठी तीन गोष्टी. फरशी शहाबादी असेल तर तिच्या रांगायच्या जागेवर खाली सतरंजी आणि वर जमखाना किंवा घोंगडं, असे दोन थर कर. दगड अंगाची ऊब पटकन ओढून घेतो, सारवलेली जमीन तेवढी ओढत नाही. पूर्वी तान्ह्यांचा पाळणा तुळईला टांगायचे, त्यामुळं ती जमिनीलगतच्या वाऱ्यातून आपोआप वर राहायची. पण तुझी उभी राहायला लागली असेल, तिला पाळणा नको. कठड्याचा पलंग, अंगावर सुती कपड्यांचे दोन-तीन थर, तोंड उघडं, आणि तोंडावर येईल असं जड पांघरूण नाही. आणि बंद खोलीत शेगडी कधीही नाही, कुणीही सांगितलं तरी.

हे शेवटचं मी अनुभवावरून सांगते. १९८४ साली माझा मोठा मुलगा दीड महिन्याचा असताना शेक द्यायला विस्तवाची शेगडी माजघरात आणली होती. वारं लागू नये म्हणून दारं लावली, फटींत कापडं कोंबली. अर्ध्या तासात माझं डोकं जड झालं, उलटीसारखं व्हायला लागलं. मला वाटलं बाळंतपणाचा अशक्तपणा. माझे वडील त्या दिवशी बाळाला बघायला आले होते. त्यांनी दारात पाऊल टाकलं आणि शेगडी उचलून परड्यात नेली. विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. शेक द्यायचाच तर दार-खिडकी उघडी ठेवून, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. तो प्रसंग आठवला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

हीटरबद्दल एवढंच. २००० वॉटचा हीटर साधारण नऊ अँपिअर ओढतो आणि तासाला दोन युनिट खातो. जुन्या घरातलं वायरिंग लाकडी पट्टीवरचं, कापडी वेष्टणाच्या तारांचं असेल तर त्यावर तो चालवू नकोस. मीटरपासून वेगळी तार, अर्थिंग आणि १६ अँपिअरचं सॉकेट वायरमनकडून घालून घे. या हिवाळ्यात मी एवढाच मोठा खर्च कर म्हणेन. आणि हीटर रात्रभर नको. झोपायच्या आधी अर्धा तास, तोही खालच्या फुल्या बंद झाल्यावर.

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर पणत्या लागतात, तुमच्या घरापासून ते लांब नाही. सासूबाईंना आणि मुलीला घेऊन जा. नदीवरचं वारं अंगावर घेऊन घरी परतलीस की कळेल, तुझं घर किती उबदार आहे.

"ताई, आमचं घर नदीकडच्या गल्लीत आहे. २०१९ च्या पुरात घरात गुडघाभर पाणी होतं, २०२१ ला पुन्हा आलं. नंतर मातीच्या भिंतींना आतून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता त्याच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी येते, रंग सोलून निघतो आणि हिवाळ्यात ती भिंत बर्फासारखी गार लागते. आणखी वरपर्यंत गिलावा करावा का?" (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, करू नका. जो आहे तोही काढावा लागेल.

मी ही चूक स्वतः केलेली आहे म्हणून ठामपणे सांगते. १९९४ साली आमच्या माजघराची भिंत खालून पोपडे धरत होती. एका ठेकेदारानं सांगितलं, सिमेंट मारलं की पन्नास वर्षं बघायला नको. तिसऱ्या वर्षी पोपडे दोन हात वर सरकले होते.

मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा त्या ओलीला वाट देतो. सिमेंट देत नाही. मग ओल गिलाव्याच्या मागं चढत जाते आणि जिथं सिमेंट संपतं तिथं बाहेर पडते. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागं उरतात. ती पांढरी भुकटी म्हणजे तोच लोणा. आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा ऊब लवकर घालवते. तुम्हाला लागणारा गारठा हा ओलीचा आहे.

हे काम काढायला हिवाळाच चांगला, कारण हवा कोरडी असते. गिलावा हलक्या हातानं, छिन्नीनं तुकड्या-तुकड्यानं सोडवून घ्या. मोठा घण मारला तर आतली मातीही येईल. उघडी भिंत किमान महिना-दोन महिने वाळू द्या. लोणा कोरड्या कुंच्यानं झाडा आणि भरून बाहेर टाका, पाण्यानं धुतलात तर क्षार परत आत जातील. बाहेरच्या बाजूला भिंतीलगत पाणी साचत असेल तर ते आधी वळवा, नाहीतर बाकी सगळं वाया. मग चुन्याचा गिलावा, एक भाग भिजवून मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू. चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. तो हवेतून हळूहळू घट्ट होतो, म्हणून पातळ थर द्यायचे आणि आठवडाभर पाण्याचा हलका शिडकावा ठेवायचा. वर ऑइलपेंट नको, चुन्याचीच सफेदी.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी झालेत. पण जुन्या देवळांची, वाड्यांची दुरुस्ती जिथं चाललेली दिसेल तिथं थांबून विचारा. मला माझा गवंडी असाच एका देवळाच्या पारावर भेटला.

"न्हाणीला वरच्या बाजूला झरोका होता, त्यातून फार गार वारं यायचं. मी तो थर्माकोल लावून पक्का बंद केला. आता गॅस गिझरचं गरम पाणी आणि न्हाणी दोन्ही मस्त गरम राहतात. ही युक्ती इतरांना सांगावी का?" (एक वाचक)

हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच उठा आणि थर्माकोल काढून टाका.

गिझरमधला गॅस न्हाणीतलीच हवा खाऊन जळतो. झरोका बंद असला की हवा कमी पडते आणि वर सांगितलेला तोच विषारी वायू तयार होतो. आंघोळ करणारा माणूस आतून कडी लावून बसलेला असतो, चक्कर आली तरी हाक मारता येत नाही. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या जागेत भिंतीवर बसवून घ्या आणि आत फक्त पाण्याचा नळ आणा. तोवर बाहेर पाणी तापवून बादलीनं न्या. जुन्या घरांत बंब परड्यात असायचा आणि न्हाणीला झरोका ठेवलेला असायचा, दोन्ही विचार करूनच. गार लागतं म्हणून आंघोळीची वेळ बदला, झरोक्याला हात लावू नका.

"आजीनं तिच्या लुगड्यांची शिवलेली वाकळ माळ्यावर सापडली. जड आहे, कुबट वास येतो, एका कडेला उसवलीय. आई म्हणते टाकून दे आणि नवी रजई आण. मला ती वापरायची आहे. मशिनमध्ये धुतली तर चालेल का?" (एक विद्यार्थिनी, मंगळवार पेठ)

टाकू नकोस गं. आणि मशिनमध्ये तर अजिबात घालू नकोस. जुन्या सुताचे दोरे भिजलेल्या वाकळेच्या वजनानं तुटतात, आणि आतले थर गोळा होतात.

वाकळेची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. आजीनं लुगड्यांच्या चार-पाच घड्या एकावर एक ठेवून जवळजवळ धावदोरा घातला तो त्यासाठीच. तो नुसता नक्षीचा नाही, तो थर हलू देत नाही. कुबट वास आला म्हणजे त्या हवेच्या जागी ओल बसली आहे. तिला ऊन दे, दुसरं काही नको. आधी गच्चीवर किंवा परड्यात नेऊन काठीनं धूळ झाड. मग दोरीवर टाकू नकोस, मधेच सगळा भार येऊन फाटेल. बाजेवर पसर. अकरा ते चार ऊन, दर तासाला उलटायची, असे तीन-चार दिवस. तरी वास राहिला तर रात्री सुकलेला कडुलिंबाचा पाला दोन घड्यांत ठेवून परत एक दिवस ऊन.

उसवलेल्या कडेला आजीच्याच एखाद्या लुगड्याचा काठ मिळाला तर तो लाव. नाहीतर कुठल्याही जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा. नवं कापड लावू नकोस, ते धुतल्यावर आटतं आणि जुन्याला ओढून फाडतं. दोरा सुतीच घे, दुहेरी, आणि आजीच्या टाक्यांच्या ओळीतच तुझा टाका घाल. शिवताना कोपऱ्यात उलट्या बाजूला बघ. आमच्याकडं बायका तिथं घास म्हणून त्रिकोणी चिंध्या जोडायच्या, वाकळ उपाशी ठेवू नये म्हणून. तुझ्या आजीनंही जोडल्या असतील तर त्या काढू नकोस.

एकटी वाकळ पुरली नाही तर तिच्यावर घोंगडं टाक. पट्टणकोडोलीचं मिळालं तर उत्तम. अंगालगत मऊ वाकळ, वरून वारं अडवायला लोकर. चौथ्या दिवशी उन्हातून आणल्यावर मात्र घडी घालून ठेवू नकोस. साडेचारच्या आत घरात आण आणि तशीच गरम गरम अंथरुणावर पसर, रात्री त्यातच झोप.